पाळण्यातला नारळ

ज्ञानू साबळेच्या खोलीत देवाच्या फळीवर सात नारळ ओळीनं मांडलेले होते, आणि त्यातल्या शेवटच्या नारळाकडे गेलं वर्षभर त्याला बघवत नव्हतं.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत त्या नारळांचं नवल कुणाला नव्हतं. बहुतेक घरं साताऱ्याकडची. गाव सोडताना त्यांनी भांडीकुंडी थोडी आणली, पण रीतभात सगळी बांधून आणली. त्यातलीच ही एक. रामनवमीला मंदिरापुढच्या मांडवात जन्माचं कीर्तन व्हायचं. पाळण्यात बाळ म्हणून नारळ ठेवायचा, त्याला तांबडी कुंची घालायची. बाराच्या ठोक्याला जन्म झाला, गुलाल उधळला, बायकांनी पाळणा म्हणत दोरी ओढली, की बुवा तो नारळ उचलून वसाहतीतल्या मूल नसलेल्या सुनेच्या ओटीत घालायचे. तो फोडायचा नाही, देवाजवळ ठेवायचा. मूल झालं की बारशाला फोडून घरोघर वाटायचा. असे कितीतरी नारळ फुटले होते. ज्ञानूच्या बायकोचे, पुतळाचे, तेवढे राहिले. जुने नारळ आता हलके झाले होते. झाडताना धक्का लागला की आतली सुटलेली वाटी खुळखुळायची. पाणी केव्हाच आटलं होतं.

ज्ञानू कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहायचा. सगळ्या टोळीत त्याच्यासारखी पाठ नव्हती. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं, "ज्ञान्याचं पोतं जड अन् घर हलकं," आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. बोल त्याला लागत नव्हता, कारण मूल न होणं ही बाईची गोष्ट, असं बोलणाराही धरून चालायचा आणि ऐकणाराही.

लागायचा तो पुतळाला. लग्नाला अकरा वर्षं झाली. तालुक्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, पिशवी कमजोर आहे. दोनदा पिशवी धुऊन घेतली. दुसऱ्या खेपेला रक्त इतकं गेलं की महिनाभर तिला पाण्याची कळशी उचलवेना. मग काढे झाले, उपास झाले, सोळा सोमवार झाले, कोण कुठल्या भगतानं दिलेली राख दुधातून घेऊन झाली. डोहाळजेवणाला तिला कुणी बोलवायचं नाही, आणि बोलावलं तरी ती दारात थांबून परत यायची. ज्ञानूनं तिला कधी उणा शब्द दिला नाही. तेवढ्यावर तो स्वतःला भला माणूस समजत होता.

शहाण्णव सालच्या माघात त्याच्या जांघेत दुखायला लागलं. पोती उचलणाऱ्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, व्हायचाच. टोळीत दर तिसऱ्या माणसाला झालेला. म्हणून तो तुर्भ्याच्या नाक्यावर डॉक्टर आतिफ परकारांकडे गेला. श्रीवर्धनकडचे डॉक्टर, बोलायला मोकळे, मार्केटातल्या माणसांना नावानं ओळखणारे. त्यांनी त्याला आडवं केलं, तपासलं, अंतर्गळ लहान आहे म्हणाले. मग त्यांची बोटं एका जागी थांबली. एका बाजूला चाचपलं, दुसऱ्या बाजूला चाचपलं.

"मुलं किती, ज्ञानोबा?"

"न्हाईत."

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. त्यांनी एक तपासणी लिहून दिली, मग दुसरी. बाटली घेऊन त्या लॅबच्या संडासात उभं राहण्याची लाज ज्ञानूनं मान खाली घालून सोसली. मुंबईला एकदा सोनोग्राफीलाही जाऊन आला. घरी सांगितलं, अंतर्गळाचंच आहे. मार्चच्या वीस तारखेला सगळे रिपोर्ट टेबलावर आले, तेव्हा डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि एक कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या अंगावर पेननं चित्र काढायला घेतलं.

"ही लघवीची पिशवी. हिच्या खाली, मानेला वेढून, ही आवळ्यापेक्षा जराशी मोठी गाठ. पुरस्थ ग्रंथी म्हणतात. ती पातळ, दुधट पाणी करते. तिच्या खाली ह्या दोन, वाटाण्याएवढ्या. त्या आधीच थेंबभर बुळबुळीत पाणी सोडून वाट साफ करून ठेवतात. आणि हे बघा, पिशवीच्या मागं, डाव्या-उजव्या अंगाला, ह्या दोन पिशव्या. आल्याचा गड्डा कसा असतो, तशा गाठीगाठीच्या. ही शुक्राशयं. लोकांना वाटतं सगळं खालच्या गोळ्यांतनंच येतं. तसं नसतं. बीज तिथं होतं, पण ते चिमूटभर. बाकीचं सगळं पाणी वर मिळतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त ह्या दोन पिशव्यांचं. त्यात साखर असते. बीजाला लांब जायचं असतं, त्याची ती शिदोरी."

ज्ञानू चित्राकडे बघत राहिला. कीर्तनात 'शिदोरी' हा शब्द त्यानं हजारदा ऐकला होता. तो इथं भेटेल असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्या दोन पिशव्यांवर हलक्या हातानं काट मारली. खालून बीज वर आणणाऱ्या दोन नळ्यांवरही मारली. "तुमच्यात हे झालंच नाही. आईच्या पोटात असतानाच राहून गेलं. बीज होतंय, पण त्याला रस्ता नाही आणि शिदोरी नाही. गाळा मालानं भरलाय आणि गाळ्याला दारच नाही, असं समजा."

ज्ञानूनं अडखळत विचारलं, की नवरेपणात तर कधी काही कमी पडलं नाही, मग असं कसं. डॉक्टर म्हणाले, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. जे थोडं पाणी येतं ते त्या आवळ्याचं, आणि बाहेरून कुणालाच काही कळत नाही. उपाय आहे का, म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, की सुईनं बीज काढून बाहेर मेळ घालायची नवी रीत निघालीय, मुंबईत एक-दोन मोठ्या ठिकाणी. ती तुमच्या-माझ्या आवाक्यातली नाही आणि तिची खात्रीही नाही.

"मिसेसना घेऊन या. त्यांच्यात दोष नाही, हे मी सांगतो त्यांना. तेवढं तरी करू."

ज्ञानू बरं म्हणाला. रिपोर्ट आणि चित्र एकच कागद. त्यानं त्याची घडी घातली आणि आपल्या भजनाच्या टाळांच्या पिशवीत तळाशी सरकवली. घरी गेला तेव्हा पुतळा भाकरी थापत होती. आज नको, उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं.

आठ दिवसांनी रामनवमी आली. ज्ञानू बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा होता. बारा वाजले, गुलाल उडाला, आणि पुतळा पदर पसरून पुढं आली. त्याच्यापासून तीन हातांवर. त्याला सगळं ठाऊक होतं आणि हात टाळ वाजवत होते. नारळ तिच्या ओटीत पडला. सातवा.

मग सांगणं दिवसेंदिवस अवघडच होत गेलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नुसतं दुःख झालं असतं. महिन्यानं सांगायचं तर महिनाभर का लपवलं, हेही आलं. सहा महिन्यांनी सांगायचं तर मधल्या नवसांचं, उपासांचं काय? चोरलेली वस्तू वापरता वापरता आपलीशी व्हावी तसं ते गुपित त्याच्या अंगवळणी पडत गेलं. तो रोज हरिपाठ म्हणायचा, मंगळवारी भजनाला जायचा, एकादशी धरायचा, आणि टाळ काढताना पिशवीत हात घातला की कागद बोटांना लागायचा. देवाचं नाव त्याच्या तोंडात होतं, पण चव गेली होती.

पौषात त्याची आई वेणूबाई गावाहून आली ती ठरवूनच आली. पुतळाच्या चुलत्याची, भैरूची, थोरली पोर जयमाला अठरा संपून एकोणिसात होती. घरातलीच पोर, सवत म्हणून छळायची नाही. वेणूबाईंनी पुतळाला जवळ बसवून विचारलं, आणि पुतळानं हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं नाही, स्वतः गावाला जाऊन पोरीच्या हातात साडी ठेवून आली. ज्ञानू नको म्हणाला. वेणूबाईंनी जेवण सोडलं. चौथ्या दिवशी म्हातारीला उठताना घेरी आली, आणि ज्ञानूनं मान हलवली. अक्षय्य तृतीयेला गावच्या देवळात माळ घालायची ठरली.

म्हणजे आता एक नव्हे, दोन बायका त्या कागदाखाली जायच्या होत्या. अकरा वर्षांनी जयमालाचीही पिशवी धुतली असती. तिच्याही ओटीत कुणी नारळ घातला असता. हे ज्ञानूला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मधली रामनवमी येईतो त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

त्या रामनवमीला कीर्तनाला जोतीराम बुवा होते. बुवा शेतकरी माणूस, विद्या थोडी पण गळा असा की मांडवाचं कापडसुद्धा ऐकत असल्यासारखं स्थिर व्हायचं. भैरू रामजन्माला म्हणून मुद्दाम आला होता, पुढच्या रांगेत बसला होता. पाळण्यापाशी वेणूबाई, त्यांच्या मागं पुतळा, नवं हिरवं लुगडं नेसून. अकरा वाजले असतील, बुवांनी दशरथाची कथा लावली.

"श्रोतेहो, अयोध्येचं राज्य. कशाची वाण न्हाई. हत्ती हायत, घोडे हायत, तीन-तीन राण्या हायत. पर राजवाड्यात पाळणा न्हाई. आता बाबांनो, एक राणी असती तर तुमी काय म्हनला असता ते मला ठावं हाय." मांडवात बायका हसल्या. "पर तीन! तिघींचीबी कूस रिती! मग मी इचारतो, उनं कुनाचं?"

बुवा एवढं बोलले, मागं वळले आणि टाळकऱ्यांकडे हात करून चाल धरली, जसे नेहमी धरत. टाळ पडले. ज्ञानूचा पडला नाही.

बुवांच्या ते लक्षात आलं नाही. दशरथ गुरूच्या पायाशी गेला, त्यानं राण्यांना दोष दिला नाही, स्वतःचं उणं स्वतः सांगितलं, असं रंगवत ते पुढं गेले. ज्ञानूला पुढचं ऐकू येत नव्हतं. त्याला वाटत होतं, इतकी वर्षं हीच कथा आपण ह्याच जागी उभं राहून ऐकली, आणि एकदाही आपल्याला हे ऐकू आलं नाही.

बारा वाजले. जन्म झाला. गुलाल उडाला, पाळणा हलला, दोरी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. बुवांनी कुंचीतला नारळ उचलला आणि पुतळा पदर पसरून पुढं झाली.

"बुवा, थांबा," ज्ञानू म्हणाला. "नारळ तिला घालू नका. उनं माजं हाय. तिच्यात काय न्हाई. मला डाक्टरनं तपासलंय."

 ज्ञानूनं पिशवीतून कागद काढला, उघडला, बुवांपुढं धरला.  आता हसतील, आता कुणीतरी टोळीतला शिट्टी मारेल, ह्याची त्यानं तयारी केली होती. सगळी लाज एकदम अंगावर घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

कुणी हसलं नाही. बायकांत कुणाला तरी हुंदका आला. एक म्हातारी म्हणाली, "असा नवरा जल्मोजल्मी मिळावा बया, बायकूचं लांछन अंगावर घेतलं." आणि तो शब्द मांडवभर पसरला.

ज्ञानू म्हणाला, तसं नाही, हे खरंच आहे, कागद बघा. कागद इंग्रजीत होता. मागच्या अंगाला ते चित्र होतं, ते कुणाला कशाचं ते कळलं नाही. जोतीराम बुवांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, अंगारा लावावा तसा कपाळाला लावला, आणि घडी घालून ज्ञानूच्या हातात परत दिला. मग आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

"बघा, मायबाप," ते मांडवाकडे वळून म्हणाले, "दशरथ पोथीतच ऱ्हातो असं समजू नका. तो आपल्या टाळकऱ्यांत उभा हाय."

मांडवानं नामाचा गजर केला. त्या गजरात नारळ पुतळाच्या ओटीत पडला. आठवा. तिनं नारळ पदरात सावरला आणि ज्ञानूकडे बघितलं. देवाकडे बघावं तसं बघितलं. त्याला वाटलं, त्यापेक्षा तोंडावर थुंकली असती तर बरं.

वेणूबाई पाळण्याची दोरी सोडून उठल्या आणि लेकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. असल्या गुणाच्या लेकराचा वंश बुडू द्यायचा का, असं त्या बायकांना विचारत होत्या. लग्नाला आता नाही म्हणायचं बळ कुणात उरलं नव्हतं. खरं सांगून त्यानं ते लग्न आणखी घट्ट केलं होतं.

सुंठवडा वाटायला सुरुवात झाल्यावर भैरू त्याला मांडवाच्या खांबाआड घेऊन गेला. सुंठवड्याचा पुडा तसाच मुठीत होता.

"खरं का हो, पावनं?"

"खरं हाय, मामा. देवाच्या दारात खोटं बोलीन व्हय?"

भैरूनं हळूच मान डोलावली. हा एक माणूस विश्वास ठेवतोय, असं वाटून ज्ञानूचा जीव थोडा भांड्यात पडला. मग भैरू म्हणाला, "असू द्या. मला चार पोरी. तुमची हितं खोली हाय, कायमची नोकरी हाय, हात उगारायची सवय न्हाई. मूल न्हाई झालं तर न्हाई. दोगी भनी ऱ्हातील."

"मामा, पोरीचं वाटोळं हुईल. उद्या तिलाच वांझ म्हनतील."

"आजून म्हनलं न्हाई ना कुनी? म्हनतील तवा बघू," भैरू शांतपणे बोलला. "तिथं गावात तिला काय मिळनार हाय, ते मला इचारा."

ज्ञानूनं गळ्यातला हार काढला. लग्न होणार नाही, असं त्यानं भैरूला सांगितलं, आणि आवाज चढवून आईलाही सांगितलं, वसाहतीतली माणसं ऐकत असताना. ह्या वेळी आईनं जेवण सोडलं तरी चालेल, मी मान हलवणार नाही. एवढं एक त्याच्या हातून झालं. जयमाला सुटली.

पण सुटलेलं ओझं जमिनीवर कधी राहत नाही, कुणाच्या तरी पाठीवर जातंच. वेणूबाईंना क्षणभर काही समजेना, आणि मग एकदम सगळं समजलं. सवत नको होती म्हणून ह्या वांझोटीनंच त्याला शिकवलं. तोंडावर हो म्हणाली आणि पाठीमागं लेकराच्या डोक्यात हे भरवलं. भोळा तो, भर मांडवात स्वतःच्या अब्रूवर धोंडा घालून घेतला. मघाशी ज्या बायकांना हुंदके आले होते त्यांनाही हे पटलं. पुतळा नारळ पदरात धरून सगळ्यांतून वाट काढत घरी गेली.

ज्ञानू खोलीवर आला तेव्हा तिनं आठवा नारळ फळीवर मांडला होता आणि समोर उदबत्ती लावली होती. ती वाकून त्याच्या पाया पडायला लागली. त्यानं पाय मागं घेतले.

"तू तरी न्हाई म्हनू नगंस," तो म्हणाला. "खाली बस."

त्यानं कागद उलटा करून फरशीवर पसरला आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सांगितलं. ही लघवीची पिशवी, हा आवळा, हे दोन वाटाणे, ह्या आल्यासारख्या दोन पिशव्या. बीज आहे, पण त्याला बाहेर यायला नळी नाही, वाटेत खायला साखर नाही. ह्या दोन मला झाल्याच नाहीत. पुतळा बोट ठेवून ठेवून बघत होती. काट मारलेल्या पिशवीवर तिचं बोट थांबलं.

"मग माजी पिशवी दोनदा धुतली, ती?"

ज्ञानूनं कागदाची घडी बोटानं सपाट केली.

"त्यात घानच नव्हती?"

"नव्हती."

तिनं कागद उचलला, उलटा केला. इंग्रजी तिला येत नव्हतं. आकडे येत होते. नळाच्या पाण्याच्या वेळा, बसचे नंबर, रेशनकार्डावरचं साल, हे सगळं तीच वाचायची. वरच्या कोपऱ्यात निळ्या शिक्क्याशेजारी तारीख होती. ती ओठ हलवत तिनं वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली.

"आवं, हे शहाण्णव हाय न्हवं?"

"हाय."

"मार्च. म्हंजी गेल्या रामनवमीच्या आदी."

"आठ दिस आदी."

बाहेर वेणूबाईंचा आवाज गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. पुतळानं तिकडं लक्ष दिलं नाही. ती रडलीही नाही. नुसती बसून राहिली, पाठ भिंतीला न टेकता. उदबत्ती अर्धी जळून राख वाकली, तेव्हा ती उठली आणि फळीवरचा पहिला नारळ खाली घेतला. मग दुसरा. एकेक पदरानं पुसून फरशीवर ओळीनं ठेवत गेली, आणि प्रत्येक ठेवताना आतली वाटी खुळखुळली. सहा झाले. आजचा, कुंचीची तांबडी सुतं अजून चिकटलेला, तो त्यांच्या शेजारी ठेवला.

"हे सा मी देवाच्या नावानं घेतलं," ती म्हणाली. "तवा तुमालाबी ठावं नव्हतं, मलाबी न्हाई. देवालाच ठावं हुतं. आन् आजचा तुमी सांगूनबी पदरात पडला, त्यो लोकांचा."

मग तिनं गेल्या वर्षीचा नारळ उचलला आणि ज्ञानूच्या हातात दिला. रागानं नाही, बाजारातून आणलेली दुसऱ्याची वस्तू ज्याची त्याला द्यावी, तसा.

"ह्यो तेवडा तुमचा."

ती चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली. ज्ञानू नारळ घेऊन उभा राहिला. त्यानं तो नकळत कानाशी नेऊन हलवला. जुने सहा सुके झाले होते. ह्याच्यात मात्र तळाशी घोटभर पाणी अजून वाजत होतं. फोडावा तर बारसं नव्हतं, देवाजवळ ठेवावा तर फळीवर हात जाईना, आणि जमिनीवर ठेवायला मन धजेना. पलीकडं पुतळानं सकाळचं पीठ परातीत ओतलं आणि भाकरी थापायला घेतली. दोघांपुरतीच थापत होती. तो तसाच उभा होता.